तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सवर यूएसबी वायफाय चालत नाही, कोणता ड्रायव्हर टाकू?

"लिनक्स टाकलं, यूएसबी वायफाय ॲडॅप्टर लावला, पण नेटवर्कच दिसत नाही. कोणता ड्रायव्हर टाकू?" हा प्रश्न मला वरचेवर येतो आणि सोबत हमखास खोक्याचा फोटो असतो. तुम्हीही तोच पाठवलात. म्हणून एकदा नीट बसून लिहितो.

खोकं आधी बाजूला ठेवा. त्यावरच्या नावाशी लिनक्सला काही देणंघेणं नसतं, त्याला कळते ती आतली चिप. आणि एकाच मॉडेलच्या नावाखाली चिप मधेच बदललेली असते. प्लास्टिक तेच, नाव तेच, फक्त मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत 'व्ही २' किंवा 'व्ही ३' लिहिलेलं. माझ्या एका मित्राचा ॲडॅप्टर लावल्या लावल्या चालला म्हणून मी त्याच नावाचा घेतला. त्याच्यात अथेरॉसची चिप होती, माझ्यात रिअलटेकची निघाली. त्याच्यासाठी लिहिलेल्या सूचना मी दोन दिवस माझ्यावर करून पाहत होतो. तेव्हापासून मी कुणालाही आधी ड्रायव्हरचं नाव सांगत नाही, आधी आयडी विचारतो.

तो मिळतो टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' (lsusb) ही आज्ञा देऊन. ॲडॅप्टर काढून एकदा चालवा, लावून पुन्हा चालवा. जी ओळ नव्याने आली ती तुमची. त्या ओळीत 'आयडी' या शब्दापुढे चार अंक-अक्षरं, मग दोन ठिपके, मग आणखी चार. पहिला गट बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. ०बीडीए म्हणजे रिअलटेक, ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, १४८एफ म्हणजे रॅलिंक. रॅलिंक २०११मध्ये मीडियाटेकने घेतली, त्यामुळे १४८एफ:७६०१ दिसलं तरी आत मीडियाटेकची एमटी७६०१ चिप असते. काही ब्रँड स्वतःचा क्रमांक घालतात. तिथे पहिल्या चारांवरून चिप कळत नाही, पूर्ण आयडी घेऊनच शोधावं लागतं.

आता इथे एक गंमत होते आणि पुष्कळजण तिथेच अडकतात. ओळ येते, पण ०बीडीए:१ए२बी अशी, आणि पुढे वायफायचा उल्लेखच नसतो, 'डिस्क' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ॲडॅप्टर बिघडलेला नसतो. त्याच्या पोटात विंडोजच्या ड्रायव्हरची छोटी सीडी भरलेली असते आणि लावल्यावर तो आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभा राहतो. विंडोजवर ड्रायव्हर बसला की तो रूप बदलतो. लिनक्सवर हे काम 'यूएसबी मोडस्विच' नावाचं पॅकेज करतं. ते नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये दिसणारी ती 'डिस्क' इजेक्ट करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेही भागतं. मग पुन्हा एलएसयूएसबी चालवा. आयडी बदललेला दिसेल, उदाहरणार्थ ०बीडीए:सी८११. हा खरा आयडी. पहिल्या आयडीला ड्रायव्हर शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही.

खरा आयडी हाती आला की एलएसयूएसबीला 'वजा टी' (-t) जोडून चालवा. यूएसबीचं सगळं झाड दिसतं आणि प्रत्येक फांदीवर 'ड्रायव्हर' हा शब्द, मग बरोबरचं चिन्ह (Driver=) आणि पुढे नाव असतं. तुमच्या फांदीवर नाव असेल तर ड्रायव्हर आधीच लागलेला आहे. तिथे नवा टाकायला गेलात तर चाललेलं बिघडेल. जागा रिकामी असेल तरच पुढचा शोध.

आणि तो शोधही आधी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच घ्यायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं या बाबतीत फार होतं. जुन्या सूचना वाचून लोक कुठलं तरी सोर्स कोड उतरवतात आणि कम्पाइल करत बसतात. एमटी७६०१चा ड्रायव्हर २०१५पासून, म्हणजे ४.२ कर्नलपासून आत आहे. रिअलटेकच्या ८८११सीयू, ८८२२बीयू वगैरे चिप्सना २०२३च्या ६.२ कर्नलमध्ये आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरातून यूएसबीवर आधार मिळाला. ८८१२एयू आणि ८८२१एयू या जुन्या, घरोघरी असलेल्या चिप्स तर २०२५च्या कर्नलमध्ये आल्या. 'यूनेम वजा आर' (uname -r) करून तुमचं कर्नल बघा. ते जुनं असेल तर ड्रायव्हर बाहेरून आणण्यापेक्षा कर्नल नवं करणं मला कधीही बरं वाटतं. बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर नव्याने बांधावा लागतो. डीकेएमएस हे साधन ते आपोआप करतं खरं, पण त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) लागतात, आणि कर्नलची आतली रचना बदलली की जुनं कोड बांधलंच जात नाही. सकाळी अपडेट, दुपारी वायफाय गायब, हे त्यामुळेच.

बाहेरचा ड्रायव्हर घ्यावाच लागला तर दोन गोष्टी सांभाळा. त्याच चिपचा आतला ड्रायव्हर असेल तर त्याला ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे आपोआप लागू देऊ नका, नाहीतर दोघे एकाच वस्तूवर हक्क सांगतात. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, कर्नल आत घेत नाही. त्यासाठी सहीची चावी नोंदवावी लागते. रीस्टार्ट झाल्यावर एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर नोंदणी न होता मशीन पुढे सुरू होतं, आणि माणूस म्हणतो, "सगळं केलं तरी चालत नाही."

ड्रायव्हर लागलाय पण वायफायचा इंटरफेस, म्हणजे सिस्टीमला दिसणारं नेटवर्कचं दार, उभा राहत नाही? मग फर्मवेअर. हे चिपच्या आत चढवायचं वेगळं कोड असतं, ड्रायव्हर ते फाइलमधून वाचतो. 'डीमेसेज' (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअरचं नाव आणि शेवटी 'एरर वजा २' दिसलं की समजायचं, फाइलच जागेवर नाही. लिनक्स-फर्मवेअरचं पॅकेज टाका. ते उतरवायला नेट कुठून आणू, असं तुम्ही विचारालच. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एक लक्षात असू द्या, इंटरफेसचं नाव डब्ल्यूलॅन शून्यच असेल असं नाही. यूएसबी ॲडॅप्टरला बऱ्याचदा 'डब्ल्यूएलएक्स' आणि पुढे मॅक पत्त्याची बाराही अक्षरं असं लांबलचक नाव मिळतं. ते बघून घाबरू नका.

इंटरफेस आहे पण बंद, तर 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) या आज्ञेने रेडिओ अडवलेला आहे का ते बघा. सॉफ्ट ब्लॉक असेल तर आज्ञेने उघडतो.

सगळ्यात जास्त छळतो तो जोडणी मधूनमधून तुटण्याचा त्रास, कारण इथे वरचं सगळं बरोबर असतं. माझा एक ॲडॅप्टर रोज रात्री दर काही मिनिटांनी तुटायचा आणि दिवसा उत्तम चालायचा. मी पॉवर सेव्ह बंद केलं (तेही करून बघाच, 'आयडब्ल्यू' (iw) या आज्ञेने होतं), राउटरचा चॅनल बदलला, कर्नल मागे नेलं. शेवटी लक्षात आलं की रात्री बॅकअप चालतो, आणि बॅकअपची यूएसबी ३ची हार्डडिस्क ॲडॅप्टरच्या शेजारच्याच पोर्टला होती. यूएसबी ३ पाच गिगाबिटच्या वेगाने चालतं तेव्हा त्याचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर मोजमापं प्रसिद्ध केली आहेत. मी साध्या यूएसबी २ एक्स्टेन्शन केबलने ॲडॅप्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्या रात्री बॅकअप पूर्ण झाला आणि वायफाय एकदाही तुटलं नाही. तुमचा ॲडॅप्टर पाच गिगाहर्ट्झवर चालत असेल तर त्या पट्ट्यात जाणं हाही उपाय आहे. मात्र डीमेसेजमध्ये 'एरर वजा ७१' वारंवार येत असेल तर आधी पोर्ट आणि केबल बदला. तिथे यूएसबीचं बोलणंच धड होत नाहीये.

तर आता मला फोटो नको. एलएसयूएसबीची तुमची ती एक ओळ, 'वजा टी'च्या झाडातली तुमची फांदी, कर्नलची आवृत्ती, आणि ॲडॅप्टर काढून पुन्हा लावल्यानंतर डीमेसेजमध्ये आलेल्या शेवटच्या वीसेक ओळी पाठवा. त्या आल्या की ड्रायव्हर टाकायचा की नाही, टाकायचा तर कोणता, हे मी तुम्हाला लगेच सांगेन.