पास की नापास, कोण ठरवणार?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मूळची सांगलीची, सध्या अमेरिकेत, मिसिसिपीतल्या ग्रीनवूडमध्ये. पक्षाघाताच्या पेशंटला घरी सोडण्याआधी त्याची स्मरणशक्ती आणि आकलन तपासणं हे माझं रोजचं काम. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. शंभरातून सात-सात वजा करा. पाच शब्द लक्षात ठेवा.

त्या दिवशी समोर ८२ वर्षांच्या एक कृष्णवर्णीय आजी होत्या. बोलणं खणखणीत, उजवा हात जरा कमजोर. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"पास की नापास, कोण ठरवणार?"

"मीच," मी सहज म्हणाले.

त्या गप्पच झाल्या. काही केल्या बोलेनात. 'सहकार्य नाही' असा शेरा मी लिहायला घेतला होता, हे आठवलं की अजून लाज वाटते. मग त्याच बोलल्या.

१९६३ साल. वय २२. मतदार नोंदणीसाठी त्या इथल्याच कोर्टाच्या इमारतीत गेल्या होत्या. चर्चमध्ये दर रविवारी मुलांना बायबल वाचायला शिकवायच्या, त्यामुळे वाचायची धास्ती नव्हती. नाव नोंदवायला तेव्हा आधी परीक्षा द्यावी लागे. नोंदणी अधिकाऱ्याने मिसिसिपी राज्याच्या घटनेतलं कंपन्यांच्या करमाफीचं लांबलचक कलम काढून दिलं. हे उतरवा, अर्थ लिहा, नागरिकाची कर्तव्यं लिहा. घटनेत २८५ कलमं. कुणाला कुठलं द्यायचं ही त्याची मर्जी, आणि उत्तर पटलं की नाही हेही तोच ठरवणार. गोऱ्या माणसाला 'कर्जापायी कोणाला कैद होणार नाही' एवढं एक वाक्य मिळालं तरी भागायचं. शिवाय अर्जदाराचं नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापलं जाई, म्हणजे मळ्याच्या मालकालाही कळे. आदल्याच हिवाळ्यात, लोक नोंदणीला जाऊ लागले म्हणून काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, गरिबांचं सरकारी धान्य बंद केलं होतं.

"मी नापास झाले. कशात चुकले, ते कोणी सांगितलं नाही."

१९६४ साली या राज्यात मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ६.७ टक्के लोकांची नावं यादीत होती. ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा झाला, त्याच महिन्यात केंद्र सरकारचे अधिकारी या काउंटीत आले. आजींचं नाव तेव्हा लागलं, परीक्षेशिवाय.

मला माझी पणजी आठवली. तिला सही येत नव्हती, पण १९५२ला चिन्ह ओळखून तिने मत दिलं होतं. निरक्षर माणसाला अक्कल नसते हे समजणंच चूक आहे, असं बाबासाहेबांनी १९२९ मध्येच सायमन कमिशनला दिलेल्या अहवालात मांडलं होतं. पणजीला ते ठाऊक नव्हतं. मीही ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

मी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली. हा कागद घरी काय मदत लागेल ते बघायला आहे, तुम्हाला अडवायला नाही, हे सांगितलं.

"हे आधी का नाही सांगितलंस, पोरी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी चाचणी पूर्ण केली. मग गुण देण्याचे नियम दोघींच्या मध्ये ठेवून आम्ही एकेक गुण मोजला. घड्याळाचे दोन्ही काटे सारख्याच लांबीचे आले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच त्यावर बोट ठेवलं.

"इथला एक काप."