गुहागर ते मालवण, आराखडा चौथा: तिथी अर्धीच वाचली

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की कोकणातल्या या खाण्याच्या सहलीचा तिसरा आराखडा कचऱ्यात गेला. कारण साधं होतं. मी आधी देवळं, किल्ले, किनारे मांडले आणि मधल्या फटींत जेवणं कोंबली. कोकणात हे चालत नाही. इथं चांगलं जेवण मिळतं ते घरगुती खानावळीत, आणि तिथं दीड वाजता गाडी लावून ‘काय आहे?’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच नसतं. म्हणून या खेपेला उलटं केलं. आधी चार दुपारची जेवणं ठरवली, मग त्यांच्याभोवती रस्ता आखला. चिपळूणहून निघून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळची फेरीबोट, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण. सोमवार ते गुरुवार.

दुसरी सुधारणा म्हणजे भरती-ओहोटी. नव्यांसाठी परत सांगतो: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ निघते. मंगळवारी चैत्र वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि साडेसातच्या आसपास ओहोटी. शिवाय पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी चढतंही जास्त आणि सुकतंही जास्त.

आता पेच बघा. हेदवीची बामणघळ बघायची ती भरतीलाच. त्या चिंचोळ्या भेगेत पाणी घुसून वर उसळतं, ओहोटीला नुसता खडक दिसतो. म्हणजे दीडला तिथं पोचायला हवं, आणि दीड ही तर जेवायची वेळ. वेळणेश्वरच्या काकूंना आदल्या संध्याकाळी फोन केला.

‘किती पानं?’

‘तीन. पण काकू, साडेबाराला निघायचंय हो.’

‘मग साडेअकराला या. मोदक हवेत का? हवे तर आत्ताच सांगा, उद्या सकाळी सांगून उपयोग नाही.’

एकवीस सांगितले. मंगळवारी सव्वाअकरालाच दारात उभे राहिलो, त्यामुळे शेवटचा घाणा वळताना बघायला मिळाला. काकू उकडीच्या गोळ्याला तेलपाण्याचा हात लावत होत्या, अंगठे आत आणि बोटं बाहेर ठेवून पारी इतकी पातळ करत होत्या की कडेला उजेड दिसावा. मग चिमटीनं कळ्या. मी मोजल्या, पंधरा. माझ्या हातून आठाच्या वर कधी पडल्या नाहीत, आणि त्यातल्या दोन फाटतात. मोदक चाळणीत ठेवण्याआधी त्यांनी प्रत्येक एकदा पाण्यात बुडवला. का, तर उकडताना चिरत नाहीत. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पानात ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, आमसुलाचं सार, पन्हं. उसळीत वाटण जेमतेम होतं, काजूचा गोडवा काजूचाच राहिला होता. बामणघळीला पोचलो एक पस्तीसला. समुद्र चैत्रातला, शांत, त्यामुळे पाणी पावसाळ्यासारखं उडालं नाही, पण गडगडाट ऐकू आला. बायको म्हणाली, ‘मोदकच जास्त उडाले.’ ते खरंच.

बुधवारी रत्नागिरी. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर सकाळी चक्कर मारली, त्यावर आधी दोनदा लिहून झालंय. नवं एवढंच की तृतीयेची ओहोटी सव्वाआठच्या आसपास होती, म्हणून भाट्याच्या खाडीवर थांबलो. बायका मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढून वर येत होत्या. एक वाटा घेतला. उतरलो होतो त्या घरच्या ताईंनी एकशिपी केली: शिंपल्याची एक बाजू टाकायची, मांस चिकटलेली दुसरी तशीच ठेवायची, ओलं खोबरं, कांदा, तिखट, दोन आमसुलं. अर्धा तास कुणी बोललं नाही, नुसता शिंपल्यांचा खडखडाट.

इथवर चौथा आराखडा म्हणजे घड्याळ होतं. गुरुवारी मालवणात बिघडला, आणि दोष शंभर टक्के माझा. नकाशावरचे किलोमीटर धरून दीडला पोचू म्हटलं होतं, सागरी रस्त्याची वळणं धरलीच नाहीत. पोचलो पावणेतीनला. वाडीतल्या छोट्या खानावळीचा मालक हसून म्हणाला, ‘मासो खंयचो? आज बेस्तरवार, त्यात संकष्टी. आणूकच नाय.’

वद्य चतुर्थी! भरतीसाठी चारही दिवस तिथी मोजली, पाऊणपट केली, वहीत लाल शाईनं लिहिली, आणि चतुर्थीला संकष्टी असते हे डोक्यात आलंच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्याच चौकोनात छापलेलं होतं. बाजारातल्या मोठ्या हॉटेलांत सुरमई थाळी मिळाली असती, पण बर्फातल्या सुरमईसाठी आपण वही काढत नाही.

मालकानं घरच्यांसाठी केलेलं काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या वाढल्या. सांबाऱ्यात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, वाटाणा बोटानं दाबला की फुटेल इतका शिजलेला. माशाची आठवण आली, पण दुसऱ्या आंबोळीपर्यंतच.

वहीत आता प्रत्येक दिवसापुढे चार रकाने आहेत: भरती, ओहोटी, उपासाचा वार किंवा तिथी, आणि फोन कधी करायचा. पाचवा आराखडा उलट दिशेनं, मालवणहून सुरू, आणि पहिला दिवस रविवार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच जायचं. तोवर फणसाची सांदणंही मिळतील. आचऱ्याच्या बाजूला सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना कुणी पाहिली असेल, तर किती वाजता ते कळवा. नाश्ता त्याच्या आधी ठेवायचा की नंतर, एवढंच अडलंय.