आवाज बंद करून बघा

आमच्या अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन आवडणाऱ्यांच्या मंडळाचं वार्षिक संमेलन डिसेंबरात भरायचं. दिवसभर चित्रं, वेशभूषा, प्रश्नमंजूषा असं सगळं असायचं, पण खरी ओढ शेवटच्या सत्राची. फळ्यावर एकच ओळ लिहिलेली असायची, 'हे पात्र कोणी करावं?' पुढचे दोन तास मग कोणी कोणाला वाक्य पुरं करू द्यायचं नाही. लाईव्ह-अॅक्शन, म्हणजे अॅनिमेची खऱ्या नटांनी केलेली आवृत्ती, म्हटलं की आमच्यातली शांत माणसंसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसायची.

'आवाज बंद'ची प्रथा ताईनं पाडली, २०१३ साली. आदल्या वर्षी 'रुरोनी केनशिन'चा सिनेमा आला होता आणि ताकेरु सातो हा नट तलवारबाज केनशिन म्हणून चालतो का, यावर हॉलमध्ये उभी फूट पडली होती. विरोध करणाऱ्यांच्या कानात १९९६ च्या अॅनिमेतला आवाज बसला होता. तो मायो सुझुकाझे या अभिनेत्रीचा, हलका, मऊ, त्यामुळे सातोनं तोंड उघडलं की त्यांचा विरस व्हायचा. ताई उठली, रिमोट घेतला आणि आवाज शून्यावर नेला. "आता फक्त बघा."

आम्ही बघितलं. सातो जवळजवळ जमिनीला टेकेल इतका वाकून धावतो, एका पायावर गिरकी घेतो, चौघांच्या मधून निसटतो. हातातली साकाबातो ही तलवार उलट्या धारेची, म्हणजे वार पूर्ण ताकदीनं बसतो पण माणूस मरत नाही. लढाई संपली की त्याचे खांदे सैल पडतात आणि क्षणात तो ओशाळं हसणारा साधा माणूस होतो. त्या खांद्यांनी आम्हाला जिंकलं. आवाज परत सुरू केला तेव्हा विरोध करणारे दोघंच उरले होते. त्यानंतर कोणत्याही नटावर वाद पेटला की कोणीतरी ओरडायचंच, "आवाज बंद!"

पण सगळेच वाद असे मिटत नाहीत, हे २०१७ नं शिकवलं. त्याच वर्षी 'घोस्ट इन द शेल' या जपानी कथेच्या हॉलिवूड सिनेमात मेजर ही नायिका स्कार्लेट जोहान्सन या गोऱ्या नटीनं केली आणि 'डेथ नोट'चा लाइट यागामी अमेरिकेत जाऊन लाइट टर्नर झाला. दादानं मेजरची बाजू घेतली. तिचं शरीर यंत्राचं, घडवलेलं, मग त्याला वंश कसला? १९९५ चा अॅनिमेपट करणाऱ्या मामोरु ओशी यांनीही हाच मुद्दा मांडला होता, आणि ओशींचं नाव निघालं की आमच्यात निम्मे लोक गप्प होतात.

ताई गप्प होणाऱ्यांतली नाही. "दादा, शेवट बघितलास ना? ती आधी मोतोको नावाची जपानी मुलगी होती, हे सिनेमाच सांगतो. आईचं काम काओरी मोमोईला दिलंय. ती आई लेकीला घरात घेते आणि बोलते कशात, इंग्रजीत! शरीर बदललं, पण आत मेंदू मोतोकोचाच आहे ना? मग तिचं जपानीपण पुसलं कोणी?"

दादा थोडा वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," आणि बसला. इतक्या लोकांसमोर असं म्हणायला धीर लागतो. मला तो दादा तेव्हापासून अधिकच आवडतो.

मागच्या रांगेतल्या एका मुलानं लगेच विचारलं, मग त्या डिसेंबरातच जपानमध्ये लागलेल्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये सोनेरी केसांचा, गोरा एडवर्ड रयोसुके यामादा हा जपानी नट करतो, ते कसं चालतं? प्रश्न रास्त होता. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं, आजही आहे. जपानी नटाला जपानी सिनेमात भूमिकांची वानवा नाही. हॉलिवूडमधल्या आशियाई नटाला मात्र मुख्य भूमिका क्वचित मिळते, आणि हक्कानं आपली वाटावी अशी एखादी आली तर तीही हातची जाते. म्हणून मेजरवरून अमेरिकेत जेवढा संताप झाला तेवढा जपानमध्ये झाला नाही. कोरियन वंशाचा अमेरिकन नट जॉन चो 'काउबॉय बिबॉप' मालिकेत नायक स्पाइक झाला तेव्हा त्याच्या वयावर बोट ठेवणाऱ्यांशी मी याच कारणासाठी भांडलो. खिशात हात घालून, पाठीत किंचित पोक काढून चालणारा तो स्पाइक मला पटला होता. २०२१ च्या नोव्हेंबरात मालिका आली आणि तीन आठवड्यांत बंद झाल्याची बातमी आली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

२०१७ च्याच जुलैमध्ये 'वन पीस'च्या लाईव्ह-अॅक्शनची घोषणा झाली होती. त्या संमेलनात सगळ्यांनी त्याचा नायक लुफी कोणी करावा ते चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि डब्याला चिकटपट्टी लावली. मालिका येईल तेव्हाच उघडायचा.

ती आली ३१ ऑगस्ट २०२३ ला. लुफी होता मेक्सिकोचा इन्याकी गोडोय. यावेळी वंशावरून वाद फारसा पेटलाच नाही, कारण लुफी खऱ्या जगात ब्राझीलचा, त्याचे साथीदार झोरो जपानचा, नामी स्वीडनची, असं 'वन पीस'चे निर्माते-चित्रकार ओदांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना केव्हाच सांगून ठेवलं होतं. डिसेंबरात आम्ही आधी प्रथेप्रमाणे आवाज बंद केला. नामी आपल्याच दंडावरच्या, तिला राबवणाऱ्या चाच्यांच्या गोंदणावर सुरी मारतेय, आणि लुफी स्वतःची गवती टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. मग ताईनं तोच प्रसंग जपानी डबिंगमध्ये आवाजासह लावला. १९९९ पासून लुफीला आवाज देणाऱ्या मायुमी तानाकाच गोडोयच्या तोंडून बोलत होत्या. हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.

डबा उघडला. एकाही चिठ्ठीवर गोडोयचं नाव नव्हतं, असणार तरी कसं, चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मोठमोठ्या नटांची नावं निघत गेली, आम्ही एकेक वाचून हसत होतो. शेवटी ताईची चिठ्ठी आली. 'नाव माहीत नाही. हसला की सगळा चेहरा हसला पाहिजे.'

दादानं ती दोनदा वाचली आणि फळ्यावरच्या प्रश्नाखाली चिकटवली.