पिन दोनदा पडलाय का?

"मॅडम, तुमचा पिन दोनदा पडलाय." बेदाण्याची पार्सलं पाठवायला लागल्यापासून हा फोन वर्षातून चार-पाचदा येतोच. परवाचा पुण्याहून होता. म्हटलं, दादा, सांगलीचा पिनच तसा आहे, ४१६४१६.

पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. त्यातला पहिला ४१६ आम्हाला, कोल्हापूरला आणि पार सावंतवाडीलाही आहे. दुसरा ४१६ आमच्या पोस्टाचा. दोन्ही सारखे निघाले, एवढंच.

फोन ठेवला आणि बिलाच्या पाठीवर आकडा मांडून बसले. ४१६ हजार अधिक ४१६, म्हणजे ४१६ गुणिले १००१. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. त्यामुळे कुठलीही तीन आकडी संख्या लागोपाठ दोनदा लिहा, तिला सात, अकरा आणि तेराने भाग जाणारच. उरलेला ४१६ म्हणजे ३२ × १३. सगळं फोडलं की हाताशी पाच दोन, एक सात, एक अकरा आणि दोन तेरा.

विभाजक मोजायला मला मजा येते. दोन हा शून्यापासून पाच वेळांपर्यंत कितीही वेळा घ्या, सहा पर्याय. सात घ्या किंवा सोडा, अकराचंही तसंच. तेराचे तीन पर्याय. ६ × २ × २ × ३ = ७२. स्वतःला वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज ६,९०,३६८ भरते, म्हणजे मूळ आकड्याहून कितीतरी जास्त! पण बहात्तर विभाजक असून डझनात बसत नाही, कारण अंकांची बेरीज २२, तीनने भाग जात नाही. आमच्या धंद्याला डझनच लागतो, काय करता.

माझं माहेर मिरज. महापालिका एक असली तरी सांगली-मिरजेची चढाओढ काही संपत नाही, म्हणून तिथला ४१६४१०ही फोडला. दोन, पाच आणि ४१६४१. हा ४१६४१ काही केल्या फुटेना. २०४ चा वर्ग ४१६१६ आणि २०५ चा ४२०२५, म्हणजे २०४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या ४६ निघाल्या. कॅल्क्युलेटर घेऊन दोन दुपारी गेल्या, मधल्या काळात एक ऑर्डर चुकीच्या बॉक्समध्ये भरली. एकानेही भाग गेला नाही. ४१६४१ मूळ संख्याच आहे. त्यामुळे मिरजेचे विभाजक अवघे आठ.

आईला फोन करून सांगितलं, सांगलीचे बहात्तर, तुमचे आठ.

"आणि तो न फुटणारा कुणाकडं म्हणालीस?"

"मिरजेकडं."

"मग झालं तर," म्हणाली, आणि दिवाळीला बेदाणा किती धाडणार ते विचारलं.