शेवाळाचे गोळे

आजचा रविवार पुरता चिखलात गेला! कोकेदामा केले. कुंडी नाहीच, मुळांभोवती मातीचा गोळा, त्यावर शेवाळ आणि गच्च गुंडाळलेला दोरा. जपानी लोक केतोत्सुची नावाची चिकट काळी माती वापरतात. कोल्हापुरात ती कुठली मिळायला? आपली काळी माती नि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरणासारखं मळलं, झालं काम. शेवाळ परसातल्या भिंतीचं, फुकट.

गोळे ठेवायला मातीच्या ताटल्याही हातानेच थापल्या. वाळताना, भाजताना माती आक्रसते, म्हणून बोटभर मोठ्याच ठेवल्या. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, हवंच, नाहीतर टेबलावर ओल उमटते.

पाणी द्यायचं म्हणजे अख्खा गोळा बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबले की काढायचा. आईचं म्हणणं, "एवढ्यात चार कुंड्या भरून झाल्या असत्या." फर्नचा गोळा कुणाला हवा असेल तर सांगा, रंकाळ्यावर फिरायला येताना घेऊन जा.