घडीच्या चाकूचे लॉक: ताकद वेगळी, भरवसा वेगळा

घडीचा चाकू घेताना बहुतेक जण पाते कोणत्या पोलादाचे आहे, धार किती टिकते आणि मूठ हातात कशी बसते एवढे पाहतात. लॉकचा विचार मात्र ‘खट्’ असा आवाज ऐकला की संपतो. वास्तविक मुठीभोवती वळलेल्या चार बोटांची सुरक्षितता त्या लॉकवर अवलंबून असते, कारण पाते अवचित मिटले तर धार नेमकी त्या बोटांवर येते. लॉकविषयी जे काही बोलले जाते तेही बहुधा ताकदीविषयी असते: अमुक लॉकने इतके वजन पेलले, तमुक लॉक इतक्या घावांनंतर तुटले. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. लॉक प्रत्येक वेळी त्याच जागी, तितकेच घट्ट बसते का, आणि ते निकामी होऊ लागले तर आधी तशी चिन्हे दिसतात का, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

नेहमीच्या कापण्यात लॉकवर जवळजवळ भारच येत नाही. दोरी, पुठ्ठा किंवा फळ कापताना जोर धारेच्या बाजूने येतो आणि तो पात्याला मिटण्याच्या उलट दिशेने रेटतो. बहुतेक चाकूंत तो भार मुठीतील स्टॉप पिन, म्हणजे उघडलेले पाते जिच्यावर टेकून थांबते ती आडवी खीळ, पेलते. लॉकची खरी परीक्षा उलट्या भाराने होते. टोक लाकडात खुपसले आणि मनगट वळले, जाड पुठ्ठ्यात रुतलेले पाते हलवत हलवत ओढून काढावे लागले, किंवा हात निसटून पात्याची पाठ कशावर आपटली, तर पाते मिटू पाहते आणि त्याला अडवणारे केवळ लॉक असते. शिवाय येथे तरफेचा नियम लॉकच्या विरुद्ध काम करतो. पिव्हटपासून, म्हणजे पाते ज्या खिळीवर फिरते तेथून, टोक 8 सेंटीमीटरवर आणि लॉक पात्याच्या बुडाला जेथे टेकते ती जागा 8 मिलिमीटरवर असेल, तर टोकाशी पडलेला 5 किलोचा भार लॉकपाशी 50 किलोंइतका होतो. याच नियमाचा आपल्याला एक फायदाही आहे, तो असा की लॉकपाशी झालेली एक दशांश मिलिमीटरची झीज टोकाशी पूर्ण एक मिलिमीटरची हालचाल म्हणून दिसते. चाकूची मूठ धरून टोक वर-खाली हलवून पाहणे ही म्हणूनच साधी पण अतिशय बारीक तपासणी आहे.

ज्या चाकूंना लॉक नसते त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. कार्ल एल्सनर यांनी 1897 साली नोंदवलेल्या स्विस अधिकारी-चाकूच्या परंपरेतील 91 मिलिमीटरच्या व्हिक्टोरिनॉक्समध्ये पाते केवळ पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. लॉक हवे असेल तर त्याच कंपनीच्या 111 मिलिमीटरच्या चाकूंसारख्या दुसऱ्या चाकूंकडे वळावे लागते. तरीही मला हा चाकू विश्वासाचा वाटतो, कारण तो आपल्या मर्यादेविषयी वापरणाऱ्याला कधीच भ्रमात ठेवत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथे 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू सबळ कारणाशिवायही जवळ बाळगता येतो, मात्र पात्याला लॉक असल्यास ही सवलत मिळत नाही.

फ्रान्सच्या साव्हॉय भागात 1890 साली जोसेफ ओपिनेल यांनी सुरू केलेल्या चाकूला 1955 मध्ये जे कडे बसले, त्याला व्हिरोब्लॉक म्हणतात. पिव्हटभोवतीचे पोलादी कडे बोटाने फिरवले की त्यातील फट पात्यासमोरून सरकते आणि पात्याची वाट बंद होते. या रचनेचा दोष असा की लॉक आपोआप लागत नाही, ते आठवणीने लावावे लागते. पण कडे फिरवले आहे की नाही हे कोणालाही नुसत्या नजरेने कळते, आणि ते सैल होऊ लागले तर फिरवतानाच हाताला जाणवते. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात या चाकूची अडचण निराळीच असते: बीच लाकडाची मूठ ओल शोषून फुगते आणि पाते तिच्यात आवळून बसते. तेव्हा मुठीचे मागचे टोक कठीण जागी ठोकून पाते थोडे बाहेर काढावे लागते. हा त्रास खराच आहे, पण पाते नको तेव्हा मिटण्याच्या धोक्यापुढे तो मला क्षुल्लक वाटतो.

1960च्या दशकात अमेरिकेतील बक कंपनीच्या 110 या चाकूने लॉकबॅक घरोघरी पोहोचवला. त्यात मुठीच्या पाठीत एक दांडी असते, तिच्या पुढच्या टोकाचा दात पात्याच्या बुडातील खाचेत पडतो, आणि मागचे टोक दाबले की दात वर उचलला जातो. रचना भक्कम आहे, तथापि तिचे दोन दोष जाणून असावेत. खाचेत बारीक कचरा साठला तर दात पूर्ण आत जात नाही, आणि वरवर पाहता लॉक लागल्यासारखेच दिसते. दुसरा दोष पकडीचा: मूठ जोरात आवळली तर तळहाताचा मांसल भाग दांडीचे मागचे टोक दाबू शकतो. चाकू बनवणारे डेव्हिड बॉय यांनी त्या ठिकाणी दांडीला हलका खोलगटपणा देऊन हा धोका पुष्कळ कमी केला, आणि स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने आपल्या अनेक चाकूंत ती सुधारणा स्वीकारली. अँड्र्यू डेम्को यांच्या ट्राय-अॅड लॉकमध्ये पाते आणि दांडी यांच्यामध्ये एक स्टॉप पिन बसवलेली असते. घाव त्या पिनवरून मुठीत उतरतो, आणि दांडीचे छिद्र किंचित लांबट ठेवलेले असल्याने झीज होईल तशी दांडी सरकून नवी जागा धरते. कोल्ड स्टील कंपनी या लॉकवर वजने टांगून दाखवते ते प्रभावी आहेच. मला मात्र त्या लांबट छिद्राचे महत्त्व अधिक वाटते, कारण दीर्घ वापराचा विचार त्यात आधीच केलेला आहे.

सर्वाधिक मतभेद लायनर लॉकविषयी आहेत, आणि ते सकारण आहेत. मुठीच्या आतील धातूच्या पट्टीचा एक भाग स्प्रिंगप्रमाणे आत वळवलेला असतो. पाते उघडले की तो बुडामागे सरकून टेकतो. ही कल्पना अमेरिकेत 1906 साली पेटंट झालेल्या एका चाकूत होती, आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर यांनी तिला आजचे रूप दिले. पात्याच्या बुडाचा तो पृष्ठभाग काही अंशांनी तिरपा असतो, त्यामुळे पट्टी पाचरीप्रमाणे अडकते आणि झीज झाल्यास आणखी थोडी पुढे सरकून पोकळी भरून काढते. सारे यश या कोनात आहे. कोन जास्त झाला तर उलट्या भाराने पट्टी बाहेर घसरते. कमी झाला तर ती इतकी अडकते की सोडवताना अंगठा दुखतो. हा कोन फार जपून साधावा लागतो, आणि म्हणूनच एकाच आराखड्याचे दोन चाकू, एक काळजीपूर्वक घासून बसवलेला आणि दुसरा घाईने जुळवलेला, विश्वासार्हतेच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळे असतात. लायनर लॉक चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न मला या कारणासाठी निरर्थक वाटतो.

येथे हाताचाही प्रश्न येतो. पाते रुतलेले असताना मनगट पिळले की तर्जनीचे मांस लायनरच्या उघड्या कडेला रेटते आणि पट्टी सुटण्याच्या दिशेने सरकू शकते. क्रिस रीव्ह यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस सेबेन्झा या आपल्या चाकूसाठी जी रचना केली, तिच्यात मुठीची एक संपूर्ण बाजूच लॉकची पट्टी झाली. फ्रेम लॉक या नावाने ती पुढे सर्वत्र पसरली. तिच्यात बोटे पट्टीवर बाहेरून दाबतात, म्हणजे मूठ जितकी आवळावी तितके लॉक पक्के होते. हात आणि लॉक एकाच दिशेने काम करतात, ही गोष्ट मला धातूच्या जाडीपेक्षा मोलाची वाटते. तिथेही टायटॅनियमची पट्टी कडक पोलादावर घासून चिकटू लागते. म्हणून पुष्कळ उत्पादक पट्टीच्या टोकाला पोलादाचा तुकडा बसवतात, आणि सेबेन्झाच्या पुढच्या आवृत्त्यांत तेथे सिरॅमिकची बारीक गोळी आली. स्पायडर्कोच्या कॉम्प्रेशन लॉकमध्ये पट्टी पाठीकडे नेलेली आहे. ती पात्याचे बूड आणि स्टॉप पिन यांच्यामध्ये दाबली जाते आणि बोटांच्या वाटेत मुळी येतच नाही.

बेंचमेड या अमेरिकन कंपनीने 1998 साली 710 या चाकूत आणलेला अॅक्सिस लॉक हा विल्यम मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांच्या कल्पनेतून आलेला आहे. मुठीतून आडवी जाणारी एक पोलादी दांडी दोन्ही बाजूंच्या बारीक स्प्रिंगांमुळे पुढे ढकलली जाते आणि बुडाच्या उतारावर अडकते. त्या स्प्रिंगा तुटतात, ही या लॉकविरुद्धची नेहमीची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण एक तुटली तरी दुसरी दांडीला ढकलत राहते, आणि दांडी सैल व तिरकी चालू लागल्याने बिघाड लगेच लक्षात येतो. निकामी व्हायचेच असेल तर यंत्राने असे व्हावे, वापरणाऱ्याला सावध करून.

आता पाठ आपटण्याच्या चाचणीविषयी. उघडलेल्या चाकूची पाठ टेबलावर जोराने आपटून लॉक टिकते का ते पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे. त्या धक्क्याने स्प्रिंगसारखी पट्टी क्षणभर उसळू शकते, त्यामुळे चांगला चाकूही कधी एखाद्या घावाला हार मानतो, आणि वारंवार आपटल्याने चांगले बसलेले लॉक बिघडते. मी वेगळ्या रीतीने पाहतो. मूठ दोन्ही सपाट बाजूंनी चिमटीत धरावी, पाते मिटले तर त्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही अशी. मग पाठ एखाद्या मऊ लाकडावर टेकवून दाब सावकाश वाढवावा, तेवढ्यात मनगट किंचित डावी-उजवीकडे पिळावे, आणि पट्टी किंवा दांडी जागची हलते का ते पाहावे. त्यानंतर पाते कधी सावकाश, कधी झटक्याने उघडून लॉक दर वेळी त्याच रेषेवर थांबते का ते तपासावे. सावकाश उघडल्यावर पट्टी बुडाच्या कडेलाच अडकत असेल आणि झटक्यानेच खोल जात असेल, तर तो चाकू मी घेत नाही, मग त्याच्या पोलादाचे नाव काहीही असो. नव्या लायनर लॉकची पट्टी बुडाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत आलेली असावी. ती पलीकडच्या बाजूला जाऊन टेकली की झीज भरून काढायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे लॉकचा सर्वांत मोठा शत्रू ताकदीचा अभाव नसून घाण आहे. खिशातील कापसाचे तंतू, लाल मातीची धूळ, आंब्याचा आणि विशेषतः फणसाचा चीक पिव्हटच्या फटीतून आत जातो. चीक लॉकच्या खाचेत वाळला तर दात किंवा पट्टी केसभर अलीकडे थांबते, आणि तेवढे अंतर पुरेसे असते. फणस हाताळल्यावर हाताला लावतो तेच खोबरेल तेल पात्याच्या बुडाला आणि खाचेत लावून चीक सोडवावा, नंतर कोमट साबणाच्या पाण्यात पाते काही वेळा उघड-मीट करून चाकू पूर्ण कोरडा करावा. खोबरेल तेल आत तसेच ठेवू नये, कारण थंडीत ते थिजते आणि त्यावर धूळही बसते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पिव्हटला पुरतो. पट्टी आणि बूड जेथे एकमेकांना टेकतात तो पृष्ठभाग मात्र कोरडाच ठेवावा, कारण पाचर घर्षणावर टिकते. पावसाळ्यात लॉकबॅकच्या स्प्रिंगखाली गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. दांडी दाबताना ती खरखरीत लागू लागली किंवा ‘खट्’ ऐवजी बोथट आवाज येऊ लागला, तर चाकू स्वच्छ होईपर्यंत त्याने टोक खुपसण्याचे कोणतेही काम करू नये, आणि तसे काम नेहमीचेच असेल तर त्यासाठी घडीचा चाकू न वापरता स्थिर पात्याची सुरी म्यानासह सॅकमध्ये ठेवावी.