सुरंगीचा ठसा

यंदा सुरंगीचा सीझन सुरू झाला तेव्हाच ठरवलं होतं की हे फूल कापडावर आणायचं. आमच्या वेंगुर्ल्याकडे, विशेषतः आसोलीत, फेब्रुवारी-मार्चला ही झाडं नुसती लगडतात, फुलं अगदी फांदीलाच चिकटून येतात, पाकळ्या चारच आणि मधे पिवळ्या केसरांचा दाट झुबका. कापडासाठी याहून चांगलं फूल मला तरी सुचत नाही.

पण कापडाचं डिझाईन म्हणजे चित्र नव्हे हे काम करायला बसल्यावरच कळतं. चित्राला चौकट असते, इथे तेच फूल दोन-अडीच मीटर येतच राहतं, म्हणून फुलाइतकीच दोन फुलांमधली मोकळी जागा महत्त्वाची. रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा चौकोन, जुळवायची जुनी युक्ती मला फार आवडली. चौकोनी कागदाच्या मधल्या भागात फुलं काढायची, कडेपर्यंत न्यायची नाहीत. मग कागद मधोमध उभा कापून डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून मागून चिकटपट्टी, मग तसाच आडवा कापून वरचा खाली आणि खालचा वर. आता काढलेलं सगळं चार कोपऱ्यांत जातं आणि मधे रिकामी जागा उरते, ती कळ्यांनी भरायची. असे चौकोन शेजारी शेजारी कितीही लावा, सांधा दिसत नाही! पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघतच बसले.

काकीने कागद बघितला आणि म्हणाली, "अगो, सुरंगी काय अशी रांगेत उभी रवता?" अगदी बरोबर बोलली ती. मग हाफ ड्रॉप केलं, म्हणजे शेजारची प्रत्येक उभी ओळ अर्ध्या ठशाइतकी खाली सरकवली, आणि नजर तिरकी फिरायला लागली, फांदीवर फिरते तशीच.

रंग एकच घेतला, कावेचा. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेची नक्षी असते ना, तांबडा थर कोरून खालचा पांढरा दाखवलेला, तेच डोक्यात होतं. म्हणून रबराच्या ठशात केसरांच्या बारीक रेषा कोरल्या, तिथे रंग लागत नाही आणि पांढरं कापडच केसर होऊन दिसतं. शिवाय एका रंगाला एकच ठसा पुरतो.

कापड साधं सुती, गरम पाण्यात धुवून खळ काढलेलं, कारण खळ राहिली तर रंग धाग्यात शिरत नाही. टेबलावर जुन्या चादरींच्या घड्या, वर कापड ताणून पिनांनी पक्कं, खडूने आखणी. रंग स्पंजवरून ठशाला घ्यायचा, थेट बुडवायचा नाही. पूर्ण वाळला की उलट्या बाजूने गरम इस्त्री, त्याने रंग पक्का होतो. आपल्याकडच्या दमट हवेत वाळायला मात्र वेळ द्यावाच लागतो.

काकीची ओढणी झाली, तिने लगेच खांद्यावर टाकली आणि घडीत पडलेली फुलं सपाट कापडापेक्षा जास्त छान दिसली. आता काळा रंग घरीच करायचाय. गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून ठेवलंय, हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर तो काळा धरतो. मृग लागायच्या आत छापून व्हायला हवं.